तेरा दिवस, तंबू

शाळेत त्याचं नाव ईश्वर झालं.
घरी तो इरपा होता.
मास्तरांना ते रजिस्टरात बसवता येईना,
त्यांनी दौत पुढे ओढली, जन्मतारीखही एक तयार केली,
आणि मासू कुळमेथेचा पोरगा
दिवसभर पाटीवर ते नाव गिरवत राहिला,
दुसऱ्याच कुणाचं तरी हरवलेलं सापडल्यासारखं.

मी त्याच्या बाजूला बसायचो. तीन महिने.
मग बापाने मला गुरांमागे पाठवलं.

तो चांद्याला गेला, बोर्डिंगात राहिला,
सातवी काढून परतला तो
लाकूड डेपोचा मोजणीदार होऊन.
सागाच्या ओंडक्याला दोरी आवळायची,
घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी,
मग टोकावर हातोडा. सरकारी शिक्का.
एका संध्याकाळी मोहाखाली बसून म्हणाला,
"लाकडाचा हिशेब घनफुटात लागते गा,
आपला कायच्यात लागते?"

त्या हिवाळ्यात जंगलसाहेबाचा दौरा निघाला.
माझ्या बापाने तंबू वाहिला,
नाल्यातून, घाटावरून, ओल्या कापडासकट.
मजुरी म्हणून साहेबाने एक बिडी दिली,
तीही अर्धी ओढलेली.
इरपाने डेपोची जुनी वही उलटीकडून उघडली
आणि पहिल्याच ओळीत लिहिलं:
डोलू, तेरा दिवस, तंबू.

वही भरत गेली.
बुच्ची, पाच कोंबड्या.
लालसू, एक रात्र, मशाल.
चौघे जण, मडमेची खुर्ची, नदीपार.
एकापुढे नुसतंच: परत आला नाही.

नोकरी गेली ती खोटं माप लिहिलं नाही म्हणून,
असं आता सगळे सांगतात.
मला विचाराल तर मुनिमाशी त्याचं
पानाच्या डब्यावरून भांडण झालं होतं. असो.
मग तो आठवडी बाजारात चिंचेखाली
लोकांचे अर्ज लिहू लागला. अर्जाला एक आणा,
नसला तर ओंजळभर चारोळी.
त्याचं अक्षर तहसीलदार ओळखायला लागले
आणि दचकायला.

मतदान आलं तेव्हा त्याची खूण शिडी होती.
ईश्वरराव कोण, आमच्याकडे कुणाला ठाऊक नव्हतं.
शिडी सगळ्यांना ठाऊक होती,
कड्यावरचा मध तिनेच खाली येतो.
म्हाताऱ्यांनी पेटीपाशी जाऊन
आधी शिडीला हात लावला, मग कागद टाकला.

नागपूरच्या विधानसभेत, म्हणे,
तो बोलायला उठला आणि भाषणच केलं नाही.
वही उघडली. डोलू, तेरा दिवस, तंबू.
बुच्ची, पाच कोंबड्या.
कुणीतरी हसलं. कुणी विचारलं,
सन्माननीय सदस्य कोणत्या विषयावर बोलतायत?
"हजेरीवर," तो म्हणाला.
घंटा वाजली तेव्हा चौथं पान चाललं होतं.

आता माझं.
आमदार म्हणून पहिल्यांदा तो गावी येणार होता,
उसन्या जीपमधून.
कोतवालाने दोन दिवस आधी दवंडी दिली.
आम्ही बावीस जणांनी वाटेवरचे दगड वेचले,
खड्डे बुजवले, पानं झाडली,
आंब्याच्या डहाळ्यांची कमान बांधली.
पैशाचं कुणी बोललं नाही,
आम्हीही विचारलं नाही. आपलाच माणूस.

तो उतरला, कमानीकडे बघितलं,
मग माझ्या हातातल्या खराट्याकडे.
"किती दिवस?"
मी म्हटलं, "काय किती दिवस?"
त्याने बगलेतून तीच वही काढली,
पानं संपली होती, म्हणून पुठ्ठ्याच्या आतल्या अंगावर
बावीस नावं लिहिली, एकेक विचारून.
माझं मात्र विचारलं नाही.
पोचा डोलू, दोन दिवस, रस्ता.
सही कर, म्हणाला. मी अंगठा पुढे केला.
तो अंगठ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता.

पैसे त्याने खिशातून दिले. मोजून.
सत्काराचे हार तसेच ताटात राहिले,
जेवायलाही थांबला नाही.

जीप मात्र गेली त्याच रस्त्याने.
दुसरा नव्हताच.